सतत गैरहजर

आमच्या गावची प्राथमिक शाळा जून १९५० मध्ये मारुतीच्या देवळात सुरू झाली. म्हणजे २०२४ च्या जूनमध्ये तिला पंचाहत्तरावं लागलं. माणसाला पंचाहत्तरावं लागलं की लेकी-सुना ओवाळायची तयारी करतात. शाळेला लागलं तेव्हा मात्र पारावर एकच बोलणं होतं, "औंदा टिकती का बंद पडती?" पहिली ते चौथी मिळून पट होता सतरा. शिक्षक दोन. एक गुरुजी आणि एक बाई.

वीसच्या आतल्या शाळांचं काय करायचं, हा प्रश्न आमच्या एकट्या गावाचा नाही. २०२३ च्या सुमारास राज्यात अशा चौदा-पंधरा हजार शाळा होत्या. २०२३ साली सरकारनं आसपासच्या अशा शाळा एकत्र करून एक मोठी 'समूह शाळा' करायची कल्पना पुढं आणली. नंदुरबारातलं तोरणमाळ आणि पुण्याकडचं पानशेत अशी उदाहरणं दिली. कागदावर ते काही वाईट दिसत नाही. मोठी शाळा, जास्त मास्तर, खेळायला जास्त पोरं. पण सहा वर्षांचं लेकरू रोज गाव सोडून जाणार, आणि ती पोरगी असली तर घरचे तिला किती दिवस पाठवणार, हे कागदाला ठाऊक नसतं. शिक्षणहक्काच्या कायद्यात पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी असं धरलंय, ते उगीच नाही.

मी या शाळेचा जुना विद्यार्थी. १९६७ साली पहिलीत बसलो, चौथीपर्यंत इथं शिकलो. पुढं दोन कोसांवरच्या गावी चालत जाऊन १९७७ ला दहावी झालो आणि शेतीला लागलो. मधल्या काळात शाळेच्या समितीवरही होतो. घरात मी, आमची मंडळी, मुलगा, सून आणि दोन नातवंडं. नातू पाचवीत, पिवळ्या गाडीनं तालुक्याच्या गावी इंग्रजी शाळेत जातो. नात चौथीत, गावच्या शाळेत. हे आत्ताच सांगून ठेवतो. पुढं लागणार आहे.

आमचा माण तालुका सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला. पावसानं पाठ फिरवलेला मुलूख. जिल्ह्याच्या पश्चिमेला महाबळेश्वर पावसानं बुडतं आणि आम्ही आभाळाकडं बघत बसतो. जिल्हा मात्र एकच. याच जिल्ह्यात खंडाळा तालुक्यात नायगावला ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई जन्मल्या. जोतिबा फुल्यांचं मूळ गाव कटगुण तर आमच्या शेजारच्या खटाव तालुक्यातलं. १८८२ साली हंटरसाहेबाच्या कमिशनपुढं जोतिबांनी सांगितलं, की सरकारचा सारा भरतो शेतकरी आणि शिक्षणावरचा पैसा मात्र वरच्या लोकांच्या पोरांवर जातो. बारा वर्षांपर्यंतच्या पोरांना गावातच सक्तीचं शिक्षण द्या, असं त्यांचं मागणं होतं. पुढं १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. ज्यांच्या घरात सात पिढ्यांत कुणी पाटी धरली नव्हती, त्यांची पोरं शिकू लागली. आमच्या देवळातल्या शाळेला या सगळ्याची ऊब होती.

पहिले गुरुजी सातवी झालेले. त्यांना राहायला खोली गावानं दिली, भाकरी पाळीनं घराघरातून जायची. तेव्हा शाळा लोकल बोर्डाची म्हणत. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा झाल्या आणि शाळा झेडपीची झाली, पण गावातली जुनी माणसं मरेपर्यंत 'बोर्डाची शाळा'च म्हणत राहिली. देवळातून ती एकाच्या वैरणीच्या खोपट्यात गेली आणि तिथून शेवटी स्वतःच्या दोन खोल्यांत आली. त्या खोल्यांचा दगड गावानं बैलगाड्यांनी आणला. आमच्या आबांनी, म्हणजे वडलांनी, आठ खेपा टाकल्या होत्या. शाळेवरनं जाताना ते भिंतीकडं बोट करायचे आणि म्हणायचे, "ती खालची ओळ माझी." आबांना सही येत नव्हती. भिंतीतली ती ओळ हीच त्यांची सही.

तर पंचाहत्तराव्या वर्षी शाळेतल्या बाईंच्या मनात आलं, की पोरांनीच शाळेचा इतिहास लिहावा. हल्ली शनिवारी दप्तराविना शाळा असते, 'आनंददायी शनिवार' म्हणतात. त्या दिवशी पोरं वह्या-पेन्सिली घेऊन गावात हिंडायची. तिसरी-चौथीची लिहिणार, पहिली-दुसरीची चित्रं काढणार. पोरांचं मंत्रिमंडळही आहे. एक मुख्यमंत्री, एक पाणीमंत्री, एक परसबागमंत्री. परसबागेत मेथी, पालक, शेवगा लावलाय. ती भाजी दुपारच्या खिचडीत पडते. आमची नात पाणीमंत्री. टाकीला झाकण आहे का, नळ टपकतो का, हे तिच्याकडं. घरीही तांब्या अर्धा भरून ठेवला की आम्हाला दंड करायची.

पोरं म्हाताऱ्यांना धरून प्रश्न विचारायची. प्रश्न त्यांचेच.

"आजोबा, तुमच्या वेळी शाळेत लाईट होती का?"

"सूर्य होता."

"संडास?"

"ओढा होता."

"मग मुली कुठं जायच्या?"

या प्रश्नाला मी गप्प बसलो. एवढ्या वर्षांत असा विचार कधी मनात आला नव्हता. शेजारची एक म्हातारी बसली होती, तिनं उत्तर दिलं, "मुली शाळेतच जात न्हवत्या बाळा, मग कुठं जातील?" पोरांनी ते तसंच्या तसं वहीत लिहून घेतलं.

जानेवारीच्या ३ तारखेला सावित्रीबाईंची जयंती असते. त्या दिवशी नातीनं आजीचं नऊवारी गुंडाळलं, कपाळाला आडवं कुंकू लावलं आणि भाषण केलं. नंतर बाईंनी जुन्या कपाटातलं जनरल रजिस्टर नंबर एक बाहेर काढलं. लाल कापडी पाठीचं, कोपरे वाळवीनं खाल्लेलं. शाळेत आलेल्या प्रत्येक पोराची त्यात एक ओळ. अनुक्रमांक, नाव, जन्मगाव, जन्मतारीख, दाखल दिनांक, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचे कारण. बाईंनी पोरांना काम दिलं, यातल्या मुली मोजा.

पहिल्या पानावर एकतीस नावं. मुली दोन. पोरांना दुसरीही गंमत सापडली. निम्म्या गावाचा जन्म १ जूनचा! कुणाच्या आईबापाला तारीख माहीत नसायची, मग गुरुजी शाळेच्या सोयीनं १ जून टाकायचे. माझाही १ जूनचाच. आणि आईचं नाव लिहायला त्या रजिस्टरात कुठं जागाच नव्हती. आता दाखल्यावर आईचं नाव असतं. तेव्हा पोर फक्त बापाचं.

सोडण्याच्या कारणात काय काय निघालं! 'परगावी गेल्याने'. 'गुरे राखणे'. 'मयत', अशी तीन. धनगरवाड्यातल्या पोरांपुढं दर वर्षी एकच, 'मेंढरांबरोबर गेल्याने'. दिवाळी झाली की मेंढरं निघायची आणि पोरांची शाळाही त्यांच्या मागनं जायची.

संध्याकाळी नात पळत घरी आली. दप्तर टाकायच्या आधी म्हणाली, "आजोबा, आत्याआजीचं नाव सापडलं. पण ती हुशार नव्हती का?"

"का गं?"

"तिच्यापुढं लिहिलंय, सतत गैरहजर."

आता १९७२ चं सांगायला पाहिजे.

बायडी माझ्यापेक्षा दोन वर्षांनी धाकटी. रजिस्टरात नाव दुसरं आहे, पण घरात सगळी तिला बायडीच म्हणत. १९७२ च्या जूनमध्ये ती चौथीत गेली, मी सहावीत. ती हुशार होती. तीस दुणे साठ विचारलं तर पुढचा पाढा आपणच म्हणायची. गुरुजी आबांना म्हणाले होते, "हिला शिकवा, ही मास्तरीण होईल." आबा हसले होते. हसण्यात कौतुक होतं, पण होकार नव्हता.

७० आणि ७१ लाही पाऊस धड झाला नव्हता. बहात्तरला तो आलाच नाही. विहिरी तळाला गेल्या. जनावरांना पाला ओरबाडून घालायची वेळ आली आणि मग जनावरंच गेली. आमचा 'सर्जा' मला अजून दिसतो. सरकारनं दुष्काळी कामं काढली. खडी फोडणं, रस्ते, नालाबंडिंग, पाझर तलाव. ७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात जवळजवळ पन्नास लाख माणसं अशा कामांवर होती. पन्नास लाख! घरटी माणूस टोपलं घेऊन उभा होता. खायला अमेरिकेची लाल मिलो. तिची भाकरी थापताना आई रडकुंडीला यायची. आणि कामावरच्या माणसांना सुकडी मिळायची. तपकिरी, गोडसर. आज कुणी विचारत नाही, पण तेव्हा ती पोरांच्या तोंडची मिठाई होती.

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलाव सुरू झाला. आबा खणायला, आई माती वाहायला. घरात दोन वर्षांचा धाकटा भाऊ. त्याला कोण सांभाळणार? पाणी कोण आणणार? एक रात्री आबांनी भाकरी खाता खाता सांगितलं, "बायडी उद्यापास्नं आयसंगं तळ्यावर यील. पोराला झाडाखाली बघंल, मोकळी असली तर टोपलं उचलंल." एवढंच. माझं नाव कुणी काढलं नाही. मी काढावं असं मलाही वाटलं नाही. मी सहावीची पुस्तकं उशाला घेऊन झोपलो. बायडी भिंतीकडं तोंड करून पडली होती. झोपली नव्हती, एवढं मला अंधारातही कळत होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी दोन कोस चालत शाळेला, ती अर्धा कोस चालत तळ्यावर. भाऊ झाडाच्या झोळीत. तो झोपला की बायडी आईच्या ओळीत उभी राहायची. नऊ वर्षांची पोर. संध्याकाळी घरी यायची तेव्हा केसांचा रंग मातीचा झालेला असायचा. परकराच्या ओच्यात सुकडीचा एक लहान गोळा बांधलेला असायचा. ती माझ्या हातावर ठेवायची आणि म्हणायची, "दादा, मी खाल्ली तिथं." मी खायचो. रोज खायचो. तिनं खरंच खाल्ली होती का, हे मी कधी विचारलं नाही. विचारायचं सुचायला माणसाचं पोट भरलेलं लागतं, अशी मी पुढं स्वतःची समजूत घातली. आता वाटतं, विचारायला भीती वाटत होती.

दुष्काळ संपला. ७३ ला पाऊस आला. लोकांनी नांगर धरले. बायडी मात्र शाळेत परत गेली नाही. एक वर्ष मागं पडली, मग लाज वाटायला लागली, मग घरकाम अंगावळणी पडलं, मग लग्न. असंच होतं. पोरगी एकदा शाळेतून निघाली की दुष्काळ संपला तरी तिचा संपत नाही. त्या दुष्काळातून पुढं रोजगार हमीचा कायदा आला, महाराष्ट्रानं तो आधी केला आणि नंतर देशानं तसा कायदा केला. तळंही झालं. आजही आमच्या अर्ध्या शिवारातल्या विहिरींना त्याचा पाझर आहे. माझ्या डाळिंबाला त्यातलंच पाणी. आणि शाळेची पोरं दर पावसाळ्यानंतर तिथं क्षेत्रभेटीला जातात, बगळे मोजतात.

हे सगळं नातीला एका बैठकीत सांगितलं नाही. सांगता आलं नाही. ती रोज थोडं विचारायची, मी थोडं सांगायचो. तिनं वहीत लिहिलं. मग बाईंनी ठरवलं, की २६ जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर जुन्या विद्यार्थ्यांची हजेरी घ्यायची. पोरं रजिस्टरातली नावं वाचणार. माणूस आला असेल तर त्यानं 'हजर' म्हणायचं. वारला असेल तर घरच्यांनी उभं राहायचं.

मी बायडीला फोन केला. तिचं सासर सात कोसांवर. "गुडघं दुखत्यात, बघू" म्हणाली. २६ ला सकाळी सातच्या एसटीनं पहिली तीच उतरली. इस्त्रीचं लुगडं, हातात नातवंडांसाठी गोळ्यांची पुडी. पाटी वाचून गाडीत बसणारी बाई आहे ती. बचत गटाचा हिशोब लिहिते. सगळं तिसरीपर्यंतच्या शाळेवर.

प्रभातफेरी झाली. सतरा पोरांची ओळ केवढी असणार? पुढचं पोरगं देवळाच्या कोपऱ्याला वळलं तेव्हा शेवटचं चावडीजवळ होतं. आमच्या वेळी पुढचा वेशीबाहेर गेला तरी मागचा शाळेतच असायचा. त्या दिवशी मात्र पोरांच्या मागनं सगळं गाव चाललं होतं. गलाईच्या धंद्याला तामिळनाडू, केरळाकडं गेलेली चार-पाच पोरं मुद्दाम रजा काढून आली होती. आमच्याकडची पुष्कळ माणसं सोनं-चांदी गाळायच्या या धंद्यात देशभर पांगली आहेत. त्यांची लेकरं तिकडच्या शाळांत. पट कमी व्हायचं ते एक मोठं कारण. दुसरं कारण पिवळी गाडी.

झेंडावंदन झालं, लेझीम झालं. मग मला चार शब्द बोलायला सांगितलं. मी जोरात बोललो. आपल्या बापजाद्यांनी दगड वाहून उभी केलेली शाळा, तिचा पट सतरावर यावा ही गावाला लाज आहे, असं काय काय. टाळ्याही पडल्या.

मग हजेरी. चौथीची पोरं एकेक करून वाचत होती. पहिल्या पानावरचे चौघंच हयात. एकजण काठी टेकत उभा राहिला आणि 'हजर गुरुजी' म्हणाला. समोर नऊ वर्षांचं पोरगं उभं होतं, तरी सवयीनं तोंडातून 'गुरुजी' गेलं. लोक हसले. तो हसला नाही. डोळे पुसत खाली बसला. मयत लिहिलेल्या तिघांची नावं आली, तेव्हा कुणीच उभं राहिलं नाही. घरं उठून गेलेली. बाई स्वतः उभ्या राहिल्या.

आमच्या आत्याआजीचं नाव नातीच्या वाट्याला आलं होतं. तिनं नाव वाचलं. दाखल दिनांक वाचला. इयत्ता वाचली. सोडण्याचं कारण मात्र वाचलं नाही, तिथं थांबली आणि माझ्याकडं बघायला लागली.

बायडी उठली. "वाच की गं," म्हणाली. "काय लिवलंय माझ्यापुढं?"

"सतत गैरहजर," नात हळू म्हणाली.

बायडी पुढं गेली. रजिस्टर टेबलावर होतं. चष्मा लावला, बोट ठेवून आपली ओळ वाचली. सगळं पटांगण गप्प होतं. मग ती पोरांकडं तोंड करून बोलली. भाषण नव्हतं ते. घरात बोलावं तसं बोलली.

"गुरुजींचा दोष न्हाय. वर्गात पोर न्हाय म्हंजे गैरहजरच लिवणार. पण मी घरी झोपली न्हवते बाळांनो. तुमी बगळं मोजाय जाता न्हवं, त्या तळ्यावर व्हते. तिथंबी रोज हजेरी व्हायची, मस्टर असायचं. त्यातबी माझं नाव न्हवतं. ल्हान पोरांची नावं घालत नव्हते. माझी टोपली आयच्या नावात. म्हंजे मी इथंबी गैरहजर आन् तिथंबी गैरहजर. पण तळं तर हाय. कुणी तरी माती टाकल्याबिगर तळं झालं व्हय?"

आणि मग नातीच्या हातातली काठी घेतल्यासारखी ताठ उभी राहून म्हणाली, "आता म्हनते. हजर."

माझ्या हातावर बावन्न वर्षांपूर्वीची सुकडी कुणी तरी ठेवल्यासारखं झालं.

एवढ्यावर थांबलं असतं तर हा लेख गोड झाला असता. पण दुपारी घरी जेवणं झाली आणि बायडी ओसरीवर पाय पसरून बसली. नातू सुट्टीमुळं घरीच होता. तिनं त्याला विचारलं, "तू का न्हाय आलास शाळंत?" तो म्हणाला, "माझी शाळा ती नाही." तो आत गेला. मग ती माझ्याकडं वळली.

"दादा, ह्याला कधी काढला हितनं?"

"कोरोना संपल्यावर. तिसरीला."

"आन् पोरीला?"

मी म्हणालो, दोघांची फी आणि गाडीभाडं झेपत नव्हतं. डाळिंबावर तेल्या आला होता. म्हणालो, गावातली शाळा चांगली आहे, बाई चांगल्या आहेत. म्हणालो, पोरगी जवळ असलेली बरी. कारणं तोंडात तयार होती. ती ऐकत राहिली. मग म्हणाली,

"आबानं मला काढलं तवा घरात दाणा न्हवता. मी त्याला कधी बोल लावला न्हाय, आजबी लावत न्हाय. पण तुझ्या घरात काय कमी हाय? पोराला गाडी, पोरीला गावची शाळा. आबानं दुष्काळात केलं ते तू सुकाळात केलंस. आन् वर सकाळी पटाचं भाषण ठोकलंस. त्यातला एक तुझ्याच घरनं कमी झाला न्हवं?"

मला उत्तर आलं नाही. आजही नाही.

कोरोनात दोन वर्षं शाळा जवळजवळ बंदच होत्या. घरात मोबाईल एक. तो नातवाच्या हातात असायचा, नात त्याच्या खांद्यावरून बघायची. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. बहात्तरला माझ्या उशाला पुस्तकं होती आणि ती भिंतीकडं तोंड करून पडली होती, त्यातही मला काही दिसलं नव्हतं. वावगं दिसायला माणूस दुसऱ्या बाजूला असावा लागतो.

आता कुणी म्हणेल, गावची शाळाच चांगली निघाली, नातीचं भलंच झालं. खरं आहे. नात न अडखळता वाचते, चारचौघांत उभी राहते, रजिस्टर वाचून माणसाचा इतिहास काढते. नातवाची शाळा वाईट आहे असंही माझं म्हणणं नाही. पण आम्ही तिला गावच्या शाळेत ठेवलं ते शाळा चांगली म्हणून नव्हे. खर्च वाचावा म्हणून ठेवलं. शाळा चांगली निघाली हे त्या बाईंचं आणि पोरीचं काम. त्याचं श्रेय घ्यायचा मला अधिकार नाही.

आणि पटाचंही तसंच आहे. पट म्हणजे नुसता आकडा नव्हे. कुठल्या घरानं कुणासाठी काय ठरवलं, त्याची ती बेरीज आहे. वरून शाळा बंद करायचा कागद येतो तेव्हा आम्ही मोर्चा काढू, निवेदन देऊ. द्यायलाच पाहिजे. शाळा उठली तर पहिल्यांदा घरी बसणार त्या पोरी, मेंढरांमागं फिरणाऱ्यांची पोरं, ज्यांना गाडी परवडत नाही ती. त्यांच्या नावापुढं पुन्हा तेच दोन शब्द येतील. पण तो कागद यायच्या आधी त्यातली काही अक्षरं आम्हीच आपल्या उंबऱ्यात लिहिलेली असतात.

एप्रिलमध्ये मी मुलापुढं विषय काढला. नातवाला परत आणायचं म्हटलं तर गावात पाचवीच नाही. ते दार आम्ही दोन वर्षांपूर्वीच लावलेलं. पण नातीचं काय? चौथी झाली, आता पाचवीला दोन कोसांवर जायला पाहिजे, मी गेलो तिथंच. सून म्हणाली, "सकाळची एसटी हाय, पण संध्याकाळी उशीर हुतो. पोरगी हाय, बघू." हे 'बघू' मला ओळखीचं वाटलं. म्हटलं, बघायचं काही नाही. संध्याकाळी मी फटफटीवर आणायला जाईन. मला काय काम आहे दुसरं? आणि मोठी झाल्यावर सायकल घेऊ. मुलानं माझ्याकडं जरा बघितलं, मग मान हलवली.

१६ जून २०२५ ला शाळा उघडल्या. गावच्या शाळेतून चौथीचे पाच गेले, पहिलीला तीन आले. पट पंधरा. टिकती का बंद पडती, ते अजून पारावर चाललेलंच आहे.

नातीचा दाखला आणायला मी शाळेत गेलो. बायडी मुद्दाम आली होती, म्हणाली मला बघायचंय. गुरुजींनी रजिस्टर उघडलं, हल्लीचं, जाड पुठ्ठ्याचं. नातीची ओळ काढली. आईचं नाव होतं. जन्मतारीख खरी होती. शाळा सोडल्याची तारीख घातली. मग कारणाच्या रकान्यात लिहायला लागले तशी बायडी टेबलावर वाकली. एकेक अक्षर ओठांनी वाचत होती.

'पुढील शिक्षणासाठी'.

"हां," म्हणाली. "चला."